रविवारी साहेब शहीद होतो

शनिवार, सकाळचे सात वाजून दहा मिनिटं. वर्ध्याच्या भाजीबाजारात बबनराव मेथीच्या जुड्यांवर पाणी मारत होते. पाणी मारण्याची त्यांची रीत अशी, की निम्मं मेथीवर पडावं आणि निम्मं समोर उभ्या असलेल्या गिऱ्हाइकाच्या चपलांवर. शेजारी त्यांची बायको शोभाबाई काट्यात वांगी टाकत होती.

"काय बबनराव, साहेब जिवंत आहे का अजून?" गिऱ्हाइकाने पाय मागे घेत विचारलं.

"आज आहे. उद्या बारा वाजता येजो, मारून दाखवतो."

गिऱ्हाईक हसत वांगी घेऊन गेलं. त्याची पाठ वळल्यावर बबनराव म्हणाले, "बह्याड."

गिऱ्हाइकांविषयी, भाजीविषयी आणि एकूण माणसांविषयी त्यांचं मत हेच आहे, की सगळं मूर्ख. फरक एवढाच, की आठवड्यातले सहा दिवस ते हे मत मनात किंवा पुटपुटत बाळगतात आणि रविवारी माइकवरून सांगतात. ज्या साहेबाची चौकशी झाली तो एका इंग्रजी पिक्चरमधला, विमानातला माणूस. तो कोण, हा प्रश्न वर्ध्यात एकदा पेटला होता आणि त्यात बबनरावांचा माइक जाता जाता राहिला. म्हणजे सातातला एक दिवस राहिला.

बोरगाव मेघेला बबनरावांच्या घरचा भाजीचा मळा आहे. भाऊ पिकवतात, शोभाबाई विकते. बबनरावांनी तरुणपणीच जाहीर केलं की आपण टोपलं उचलणार नाही. एका टॉकीजच्या सायकलरिक्षात बसून, वर भोंगा लावून, ते गावभर पिक्चरची जाहिरात करत फिरायचे. आवाज चांगला होता. आवाजाखेरीज त्यांच्याजवळ काही नव्हतं, पण तेवढं पुरतं अशी त्यांची समजूत होती. रिक्षातून जाताना बाजारात बसलेली शोभाबाई दिसली की ते दुसरीकडे बघायचे. हे शोभाबाईने पाहिलेलं आहे. ती विसरलेली नाही.

पंचाण्णव साली टॉकीजने रिक्षा बंद केली. त्याच वर्षी सदाशिवराव शेटजींनी आपल्या भांड्यांच्या दुकानामागच्या गोदामात मोठा टीव्ही आणि व्हीसीआर मांडला, खाली सतरंज्या टाकल्या, खिडक्यांना काळं कापड लावलं आणि त्याला व्हिडिओ हॉल म्हटलं. कॅसेट नागपूरहून यायच्या. हिंदी पिक्चरच्या नव्या कॅसेट महाग पडत. झिजलेल्या इंग्रजी स्वस्त मिळत. प्रेक्षक मात्र पक्का होता. सकाळचा बाजार आटोपला की आजूबाजूच्या गावांचे भाजीवाले संध्याकाळपर्यंत मोकळेच असत. त्यांना सावली हवी होती, मारामारी हवी होती आणि इंग्रजी कळत नव्हतं. शेटजींनी व्हीसीआरचा आवाज बंद केला आणि बबनरावांच्या हातात माइक दिला. पडद्यावर काय चाललंय ते त्यांनी सांगायचं.

इंग्रजी बबनरावांनाही येत नव्हतं. शेटजींनी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही.

कॅसेटवाला एका जातीचा माल सलग पाठवायचा. सदाशिवरावांच्या वाट्याला अपहरणाचे पिक्चर आले. कोणीतरी विमान पळवतं, कोणी जहाज, कोणी आगगाडी, कोणी बस. जागा बंद, माणसं आत, बाहेर पोलीस भोंग्यावर बोलतात, बॉम्बवर लाल आकडे उतरतात. एक बाई, तिचं एक मूल. एक जाडा माणूस, जो उगाच आवाज चढवतो आणि सगळ्यांत आधी मरतो. आणि एक हिरो, जो चोरांनी सगळ्यांना हात वर करायला लावले तेव्हा नेमका संडासात असतो. बबनरावांनी या मालाची परीक्षा महिन्याभरात केली. मध्यंतरात चहाच्या टपरीवर ते सांगत, "या साऱ्या पिक्चरायचा जीव संडासात आहे. चोरानं आंदी संडास पाह्यला, तं पिक्चर दहा मिन्टात खतम. पन चोर शिकलेले असते. शिकलेला मानूस संडासात पाह्यत नाई."

विमानातल्या उतारूंबद्दल त्यांचं मत आणखी वाईट होतं. "दोनशे लोकं आन तीन बंदुका. सारे माना खाली घालून बसले. आपल्या हिंगणघाटच्या एसटीत कोनी कोनाच्या रुमालावर बसलं तं अर्धी गाडी उठते."

हे खरं आहे. फक्त हिंगणघाटच्या एसटीत बबनराव स्वतः कधी उठलेले कोणी पाहिलेले नाहीत.

तरीही हे पिक्चर ते रोज सांगत, आणि हॉल भरत असे. काम सोपं होतं. तोंडं पाहायची, कपडे पाहायचे आणि कोण चांगला, कोण वाईट ते ठरवायचं. पायलट हिंगणघाटचा व्हायचा, हवाईसुंदरी नागपूरच्या धंतोलीची. आगगाडी पुलगावच्या पुलावरून जायची, मग खाली समुद्र दिसला तरी. कोणी हरकत घेत नसे. पुढच्या सतरंजीवर पवनारचे बापूजी बसत, वांगी-टमाटे पिकवणारे म्हातारे. खेळ संपला की ते बाहेर येऊन उरलेल्यांना गोष्ट पुन्हा सांगत आणि सांगताना "बबननं पाह्यलं" असं म्हणत, जणू बबनराव विमानात होते.

अठ्ठ्याण्णवच्या उन्हाळ्यात साहेबाचा पिक्चर आला. कॅसेटवर नाव होतं, पण ते इंग्रजीत होतं.

समुद्रावरून विमान चाललेलं. पहिल्या रांगेतून एक माणूस उठतो. पांढरे केस, काळा कोट, इस्त्री, टाय. हळू बोलतो. त्याच्यामागे बंदूकवाले तिघं उभे राहतात. तो भिंतीवरचा फोन घेऊन चार वाक्यं बोलतो आणि विमानभर शांतता पसरते. सगळे पट्टे बांधून बसतात. मग जमिनीतली झडप उघडते आणि एक माणूस वर येतो. तोंडाला काळं, मेकॅनिकचे फाटके निळे कपडे, हातात पाना. तो सीटांच्या आडून सरपटत जातो.

बबनरावांना एक क्षणही शंका आली नाही. ज्याचे कपडे स्वच्छ, ज्याच्यामागे बंदूकवाले आणि जो बोलला की लोक बसून राहतात, तो साहेब. जो तोंड काळं करून पाना घेऊन लपतछपत फिरतो, तो चोर. वर्ध्यात जन्म काढलेल्या माणसाने दुसरं काय समजायचं?

"पाहा," ते माइकवर म्हणाले, "सरकारी साहेब आहे. विमानात चोर शिरला म्हनून खबर भेटली, तं लोकायले जागेवर बसवून राह्यला. म्हनते, कोनी घाबरू नका, मी आहो."

तासाभराने साहेबाच्या माणसाने एका उतारूला गोळी घातली. हॉलमध्ये कुजबुज झाली.

"तो चोराचाच मानूस होता," बबनराव म्हणाले. "नाईतं साहेब काऊन मारन?"

कुजबुज थांबली. गोळी खाल्ली म्हणजे काहीतरी केलंच असणार, हे सगळ्यांना पटलं.

शेवटी मेकॅनिक आणि साहेब विमानाच्या उघड्या दारात झोंबतात आणि साहेब खाली जातो. समुद्र लांब दिसतो. बबनरावांनी माइक तोंडाजवळ घेतला. मग सावकाश म्हणाले, "गेला. दोनशे मानसं वाचवून साहेब शहीद झाला, पोट्टेहो."

बापूजींनी डोक्यावरची टोपी काढली.

पिक्चर मात्र संपला नव्हता. उतारू उठले, मेकॅनिकला मिठ्या मारू लागले, असल्या पिक्चरातली ती ठरलेली बाई येऊन त्याच्या गळ्यात पडली. दुसरा कोणी इथे अडकला असता. बबनराव अडकले नाहीत. "पाहून घ्या दुनिया. केलं कोनं आन हार कोनाले. बायकोबी त्यालेच भेटली."

गोदामात टाळ्या पडल्या, तशा तिथे त्यापूर्वी कधी पडल्या नव्हत्या. पिक्चर दर आठवड्याला लागू लागला. बापूजी प्रत्येक वेळी येत आणि प्रत्येक वेळी टोपी काढत. बाजारातून जाताना माणसं बबनरावांना हाक मारत. ते थांबत नसत. शोभाबाई म्हणायची, "माइक शेटजीचा, गोदाम शेटजीचं, पिक्चर इंग्रजाचा. तुमचं काय आहे त्यात?"

"तू वांगे मोज."

"मोजतोच आहो. ज्या दिवशी शेटजी माइक घेईन ना, त्या दिवशी येजा इथं. काटा धरायले मानूस पायजेच मले."

बबनरावांना आयुष्यात भीती एकाच गोष्टीची होती, आणि ती शोभाबाईने नेमकी सांगितली होती. माइक गेला तर काटा. माइकवर ते बबनराव होते. काट्यापाशी ते शोभाबाईचा नवरा असणार होते.

नव्व्याण्णवच्या डिसेंबरात खरं विमान पळवलं गेलं. आठवडाभर लोक टीव्हीच्या दुकानांसमोर उभे होते. सदाशिवरावांनी एक दिवस हॉल बंद ठेवला. चेहऱ्यावर दुःख होतं, पण दुसऱ्या दिवशी त्यांच्या लक्षात आलं की लोक दुसरं काही बोलतच नाहीत. टपरीवर बबनराव एकच वाक्य बोलले, "तिथं कोनी संडासातून निंघालं नाई." त्यांनी तोवर केलेलं हे बहुधा एकमेव खरं निवेदन. त्याचा त्यांच्यावर मात्र परिणाम झाला नाही. टीव्हीवर पळवणाऱ्यांची तोंडं झाकलेली होती. त्यांच्या साहेबाचं तोंड उघडं, दाढी केलेलं होतं. मेळ कसा बसणार?

जानेवारीत शेटजी नागपूरला गेले आणि साहेबाचाच पिक्चर घेऊन आले. या वेळी हिंदीत.

"बबनराव, आता आवाज चालू ठेवू," ते म्हणाले. "हिंदी सर्वांना समजते. तुम्ही आज आराम करा. बॅटरी घेऊन दारात उभे राहा, उशिरा आलेल्याला जागा दाखवा."

"अन् माइक?"

"पाहू."

बबनराव बॅटरी घेऊन उभे राहिले. हॉल खचाखच भरला होता. पांढऱ्या केसांचा साहेब उठला, फोन घेतला आणि भरदार हिंदीत म्हणाला, "यह जहाज़ अब मेरे क़ब्ज़े में है. जो हिलेगा, मरेगा."

कोणी हललं नाही. हॉलमध्येही नाही.

"काऊन रे बबन," पुढच्या सतरंजीवरून बापूजींनी मान वळवली, "साहेब असा काऊन बोलून राह्यला?"

बबनरावांनी बॅटरी बंद केली.

पाच मिनिटांनी मागून कोणीतरी ओरडलं, "बबनराव, तुमचा साहेब तं डाकू निंघाला!" आणि गोदाम हसायला लागलं. दीड-दोन वर्षं ज्याच्यासाठी हळहळले त्याला प्रत्येक वाक्यागणिक हसले, आणि बबनरावांना त्याहून जास्त. उतारूला गोळी लागली तेव्हा चार-पाच जण एका सुरात म्हणाले, "तो चोराचाच मानूस होता!" ज्या माणसांनी हे मुकाट्याने मानलं होतं, तीच ही माणसं. आपण काय मानलं होतं, याचा त्यांच्यापैकी कोणीही विचार केला नाही. मूर्ख एकच ठरला होता आणि त्याच्या हातात बॅटरी होती.

खेळ संपल्यावर शेटजी म्हणाले, "दारावरच बसा काही दिवस."

बबनराव दारावर बसले. बाजारातून जायचं टाळू लागले, पण घरी जायला रस्ता तोच होता. शोभाबाईने काट्याशेजारी एक रिकामं खोकं उलटं घालून ठेवलं, बसायला.

दारावर बसून बबनरावांनी तो पिक्चर पंधरा दिवस ऐकला. शब्द न् शब्द. साहेबाने विमान का पळवलं, मेकॅनिकची ती बाई कोण, मेलेला उतारू कोण, सगळं. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना एका पिक्चरची गोष्ट कळली. ती कळल्यावर त्यांचं मत असं झालं, की आपली गोष्ट बरी होती.

इकडे हॉल रिकामा होऊ लागला. कारण साधं होतं. केबलवाला तोच हिंदी पिक्चर रात्री घरोघर दाखवत होता, आणि घरी पाय पसरून बघता येत होता. दुपारच्या खेळाला सतरंजीवर बापूजी आणि तीन-चार जण उरले, तेही सावलीसाठी. शेटजींनी हिशेब केला आणि हॉल कायमचा बंद करून तिथे भांड्यांची खोकी रचायचं ठरवलं. बापूजी दुकानात गेले.

"शेटजी, बबनचं सांगनं लावा नं."

"बापूजी, तो चुकीचं सांगते, हे पाहिलं ना तुम्ही?"

"पाह्यलं. पन केबलवर तो दिसत नाई."

शेटजी व्यापारी आहेत. जे केबलवर दिसत नाही त्याला भाव असतो, हे त्यांना एका वाक्यात कळलं. त्यांनी रविवारचा एक खेळ ठेवायचं ठरवलं, जुनी इंग्रजी कॅसेट शोधून काढली आणि बबनरावांना माइक परत दिला.

त्या रविवारी हॉल भरला. निम्मे हसायला आले होते. बबनरावांनी शर्टाला इस्त्री केली होती आणि मनाशी एक निश्चय केला होता. या खेपेला ते खरं सांगणार होते. आपल्याला सगळं कळतं, हे या लोकांना दाखवायचं होतं. पांढरे केस उठले तसे ते माइकवर म्हणाले, "हा डाकू आहे. यानं विमान काऊन पळवलं, ते सांगतो."

आणि सांगितलं. बरोबर सांगितलं, क्रमाने, एकही चूक न करता. पुलगाव नाही, धंतोली नाही. हॉलमध्ये प्रथम शांतता होती, मग खोकले, मग चुळबुळ. कोणी हसलं नाही, कारण हसण्यासारखं काही नव्हतं. उतारूला गोळी लागली आणि बबनरावांनी तो कोण होता ते अचूक सांगितलं, तेव्हा बापूजी उभे राहिले.

"बबन, हे काय सांगून राह्यला बे?"

"जे आहे ते."

"ते तं घरी आहे. त्याच्यासाठी इथं काऊन येऊ? आमचा साहेब कुठी गेला?"

"तुमचा साहेब नव्हताच कधी, बापूजी. बसा खाली."

"तिकीट काढलं मी. मले नोको बसवू." आणि मागचेही उठले. रुमालावर बसणाऱ्याला उठवणारी ती सगळी एसटी उठली. "जुनं सांग! जुनं सांग!"

मध्यंतर वेळेआधी झालं. शेटजी भांड्यांच्या दुकानातून आत आले.

"बबनराव, जुनं सांगा."

"शेटजी, ते चूक आहे."

"कोण म्हणते?"

"मी म्हनतो. पंधरा दिवस ऐकलं मी दारावर."

"तुम्ही तिकीट काढलं का?" शेटजी म्हणाले. "नाही ना? मग जुनं सांगा. नाहीतर उद्यापासून इथं पातेले ठेवतो."

बबनरावांनी बाहेर पाहिलं. गोदामाच्या दारातून बाजाराचं टोक दिसतं. शोभाबाई दिसत नव्हती, पण ते उलटं खोकं कुठे आहे हे त्यांना ठाऊक होतं.

मध्यंतरानंतर त्यांनी माइक घेतला. "तं साहेब," ते म्हणाले, "लोकायले जागेवर बसवून म्हनते, कोनी घाबरू नका, मी आहो."

मध्यंतराआधी जो डाकू होता तो मध्यंतरानंतर साहेब झाला. कसा, हे हॉलमधल्या एकाही माणसाने विचारलं नाही. विमान पुलगाववरून गेलं. दार उघडलं. साहेब पडला. बापूजींनी टोपी काढली, आणि हसायला आलेल्या निम्म्या लोकांनी टाळ्या वाजवल्या.

याला दोन वर्षं झाली. हॉल आता फक्त रविवारी उघडतो. उरलेले दिवस तिथे शेटजींची पातेली असतात आणि बबनराव उलट्या खोक्यावर. पूर्वी ते खोटं सांगत तेव्हा त्यांना ते खरं वाटे. आता त्यांना खरं माहीत आहे आणि खोटं सांगावं लागतं. याचं त्यांना दुःख होतं का, असं विचारलं तर ते लोकांच्या अकलेविषयी बोलू लागतात आणि बराच वेळ थांबत नाहीत.

"मी तं एकदाच चुकलो," ते शनिवारी मेथीवर पाणी मारता मारता म्हणाले. "मले माईत नोतं. यायले माईत आहे, तरीबी पायजे. मंग बह्याड कोन?"

"जो दर रविवारी सांगते तो," शोभाबाई म्हणाली. "सरका. काटा धरा, पालक आली."

त्यांनी काटा धरला.

उद्या रविवार. शोभाबाईचं दुकान रविवारीही लागतं, पण काटा दुपारी बारापासून तिलाच धरावा लागेल. बाराला गोदामाचं दार बंद होईल, आवाजाचं बटण खाली असेल, आणि पावणेदोन वाजता साहेब विमानातून पडेल.